व्हरांड्यातला कॉम्प्युटर

माझ्या नाकावर राग असतो, हे मी आधीच सांगून टाकते. म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की कनकलताबाईंनी आपली बाजू गोड करून सांगितली. तंजावूरच्या मुलींच्या कॉलेजात मी पंचवीस वर्षं गणित शिकवलं. हातातला खडू मोडला तर मी खडूलाही बोलायची, तिथे मुलींची काय कथा. फक्त एक पथ्य पाळायची. शिकवणं इंग्रजीत, समजावणं तमिळमध्ये आणि शिव्या मराठीत. शिव्या म्हणजे आमच्या आईच्या तोंडच्या, घरगुती. राजवाड्यामागच्या आमच्या दोन-तीन मराठी गल्ल्या सोडल्या तर त्या कुणाला कळायच्या नाहीत. माझं मन मोकळं व्हायचं आणि मुलींचंही काही बिघडायचं नाही, असं मी धरून चालले होते.

१९९५ सालच्या जूनमध्ये आमच्याकडे बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स सुरू झालं. तेव्हा गावाला कॉम्प्युटरचं खूळ लागलं होतं. बस स्टँडपासून राजवाड्यापर्यंत दर दहा पावलांवर एक पाटी. सहा महिन्यांत कॉम्प्युटर शिका, तीन महिन्यांत शिका. एकाने तर ते पंधरा दिवसांवर आणून ठेवलं होतं. अरे, लोणचं मुरायलाही त्याहून जास्त दिवस लागतात, असं मी येता-जाता म्हणायची. आमच्या माहितीपत्रकात मात्र तीन वर्षांची सरळ पदवी होती. गणित, भौतिकशास्त्र, वनस्पतिशास्त्र, गृहविज्ञान आणि सगळ्यांत खाली कॉम्प्युटर सायन्स.

शिकवायचं कोणी? प्रिन्सिपलबाईंनी मला खोलीत बोलावलं आणि म्हणाल्या, "कनकलता, गणित म्हणजेच कॉम्प्युटर, नाही का?"

मी म्हटलं, "पोळपाट म्हणजे पोळी नव्हे, मॅडम."

तरी मला सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणाला मद्रासला धाडलंच. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी पोरासोरांच्या शेजारी बसून धडे गिरवले, रात्री वसतिगृहातला पातळ सांबार प्यायले आणि परत आले ती विभागप्रमुख होऊन. विभागात प्रमुख मी, शिपाई मी आणि धूळ पुसणारीही मीच.

आमच्याकडे मशीनं सहा आणि मुली चोवीस. विद्यापीठाचा नियम असा की दोन मुलींमागे एक मशीन हवं. पहिल्या वर्षापुरती तात्पुरती मान्यता मिळाली होती. जानेवारीत विद्यापीठाची तपासणी समिती येणार, बघणार आणि मग ठरवणार की हा कोर्स ठेवायचा की बंद करायचा. बंद झाला तर चोवीसच्या चोवीस मुली गणिताच्या वर्गात ढकलल्या जाणार. आणि मला पक्कं ठाऊक होतं, त्यातल्या निम्म्या तर तिथेही पोचणार नाहीत, सरळ घरी जातील. पापनाशम, तिरुवैयारूकडच्या मुली त्या. पहाटेची बस पकडून यायच्या. त्यांच्या घरच्यांनी आलेली स्थळं थांबवली होती ती 'कॉम्प्युटर' या एका शब्दावर. गणितासाठी कोण स्थळ थांबवतं?

तेव्हा मी काय केलं, ते ऐका. बारा मुली आत मशीनवर आणि बारा बाहेर व्हरांड्यात. व्हरांड्याची लाल फरशी चांगली लांबरुंद. तिच्यावर रांगोळीच्या पिठाने दहा खण आखायचे. हा कॉम्प्युटरचा मेंदू. प्रत्येक खणात एक मुलगी मांडी घालून बसणार. तिच्या मांडीवर पाटी पालथी आणि पाटीवर एक आकडा. अकरावी मुलगी प्रोग्रॅम वाचणार, एकेक ओळ, आणि खणांना क्रमाने हाक मारणार. हाक आली की त्या खणाने उठून आपला आकडा सांगायचा. बारावीच्या हातात उत्तराची पाटी. तिने प्रोग्रॅम सांगेल तसं पुसायचं, लिहायचं.

नियम दोन. पहिला, खण आपणहून बोलत नाही. घर पेटलं तरी नाही. कॉम्प्युटरचा खण कधी 'अहो, मला विसरलात' म्हणतो का? दुसरा, उत्तर चुकलं तर काही पुसायचं नाही. पहिल्या ओळीवर परत जायचं आणि बोट ठेवत ठेवत चूक हुडकायची. जिचं व्हरांड्यात बरोबर चाललं तिलाच आत मशीनला हात लावायला मिळायचा. मुलींचे वडील तक्रार घेऊन यायचे, की कॉम्प्युटर शिकायला पाठवलं आणि तुम्ही पोरीला फरशीवर बसवता. मी म्हणायची, "फरशीवर बसून जेवता ना? मग शिकायला काय झालं?"

एका गोष्टीवर मात्र माझं डोकं फिरायचं. कॉम्प्युटरचे खण शून्यापासून सुरू होतात. पहिला खण शून्य नंबरचा, दुसरा एक नंबरचा. मुली काही केल्या एकापासूनच हाक मारायच्या आणि शून्यातली बिचारी पाटी घेऊन बसून राहायची. शंभरदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मला एक युक्ती सुचली. लहानपणी आईबरोबर तांदूळ आणायला जायची तेव्हा ऐकलेलं, की मापारी पहिलं माप टाकताना 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. तमिळ असो नाहीतर मराठी, शब्द तोच. मला वाटायचं, मोजणी सुरू करायच्या आधीचा तो शुभ शब्द असणार, मग एक, दोन. तेव्हा मी फर्मान काढलं. आजपासून शून्य नंबरचा खण म्हणजे लाभ. लाभ, एक, दोन, तीन. मुली हसल्या आणि दुसऱ्या दिवसापासून शून्याला कोणी विसरेना. मी आमच्या ह्यांना आठ दिवस हीच गोष्ट सांगत होते. ते म्हणाले, "पुरे आता, उद्या पेटंट घेशील."

हाका मारायला मी गायत्रीला ठेवलं होतं. बँक मॅनेजरची मुलगी, आवाज खणखणीत, गावातच वाढलेली. समितीसमोर तीच वाचणार हे ठरलेलं होतं.

पोंगलच्या आठवडाभर आधी समिती आली. तिघे होते. अध्यक्ष प्रोफेसर राममूर्ती. बारीक चणीचे, साधे, खादीचा शर्ट, आणि चेहऱ्यावरून काही वाचता येईल तर शपथ. त्यांनी लॅबमध्ये मशीनं मोजली. एकदा मोजली, परत मोजली, जसं काही दुसऱ्यांदा मोजल्यावर ती आठ होणार होती.

"सहा," ते म्हणाले. "बारा हवीत. कागदावर तर तुम्ही इथेच नापास आहात. बाकीच्या मुली काय करतात? वाट बघत बसतात?"

प्रिन्सिपलबाईंचा चेहरा उतरला. मी मात्र मान ताठ करून म्हटलं, "व्हरांड्यात चला, सर."

खण आखलेले होतेच. मी सगळं समजावून सांगितलं आणि 'लाभ'ची युक्ती तर जरा जास्तच रंगवून सांगितली. ते ऐकताना राममूर्तींच्या ओठाचा कोपरा हलला. मला वाटलं, खूश झाले. त्यांनी दहाही पाट्या मागवल्या, स्वतः आकडे लिहिले, पालथ्या करून स्वतःच मुलींच्या मांडीवर ठेवल्या आणि म्हणाले, "यातला सर्वांत मोठा आकडा शोधून द्या."

गायत्री प्रोग्रॅमचा कागद घेऊन पुढे झाली. त्यांनी हात वर केला.

"ही नको. तयारीची दिसते. त्या खांबामागे उभी आहे ती येऊ दे."

खांबामागे वाणी होती. पापनाशमची. सहा महिन्यांत तिच्या तोंडून मी पंचवीस वाक्यं ऐकली नसतील. वही नीटनेटकी, हिशोब बरोबर, पण बोलायचं म्हटलं की तोंडाला कुलूप. ती पुढे आली, कागद हातात घेतला. मग तिने डोळे क्षणभर मिटले आणि हाक दिली.

"लाभ."

शून्य नंबरची मुलगी उठली, आकडा सांगितला, उत्तराच्या पाटीवर तो लिहिला गेला. वाणीचा आवाज एकदम सुटा झाला. एका लयीत, हेल काढून ती भराभर हाका देत गेली. मुली उठत होत्या, बसत होत्या, पाटी पुसली जात होती, लिहिली जात होती. मी इतकी खूश झाले की खण मोजायचंही विसरले. शेवटची हाक झाली. उत्तराची पाटी वर झाली. शहात्तर.

राममूर्ती म्हणाले, "मी एका पाटीवर एक्क्याण्णव लिहिलं आहे."

दुसरे दोन सभासद एकमेकांकडे बघून वहीत काहीतरी लिहू लागले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. समितीपुढे ओरडता येईना, म्हणून मी वाणीशेजारी जाऊन हळू आवाजात, मराठीत, दातओठ खाऊन म्हटलं, "मेले, अक्कल काय घरी फडताळात ठेवून आलीस? डोक्यात चिंचेचा भात भरलाय का? सगळ्यांचा घात केलास."

वाणीने माझ्याकडे बघितलं. आणि हळूच, अडखळत, पण स्वच्छ मराठीत म्हणाली, "मॅडम, एक मिनिट द्या. मी हुडकते."

मला कोणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. सहा महिने. सहा महिने ही पोर माझी प्रत्येक शिवी ऐकत, समजत, खाली मान घालून बसली होती.

ती मात्र कामाला लागली होती. तिने उत्तराची पाटी पुसू दिली नाही. कागदाच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. मग शून्य नंबरच्या खणापुढे जाऊन विचारलं, "तुला हाक आली?" आली. पुढच्या खणात नागलक्ष्मी बसली होती. तोंड लालभडक, डोळ्यांत पाणी आणि पाटी छातीशी घट्ट धरलेली.

"तुला हाक आली?"

"नाही," नागलक्ष्मी म्हणाली. तिने पाटी उलटी केली. एक्क्याण्णव.

सर्वांत मोठा आकडा मांडीवर घेऊन ती पोरगी तोंड बंद करून बसली होती, कारण खण आपणहून बोलत नाही असा माझा नियम. समोर विद्यापीठ बसलेलं, कोर्स बुडायच्या बेतात आणि तरी तिने नियम मोडला नाही. राहवलं कसं असेल तिला, देव जाणे.

वाणी तिच्यापुढे उकिडवी बसली होती. तिने ओठ हलवत मनातल्या मनात परत हाका म्हणून बघितल्या आणि उठली. आधी तमिळमध्ये समितीला सांगितलं. "सर, प्रोग्रॅम बरोबर आहे. चूक माझ्या तोंडाची आहे. मी लाभ म्हणून झाल्यावर दोन म्हटलं. एक म्हटलंच नाही."

"का नाही म्हटलं?" राममूर्तींनी विचारलं.

"आमचे अप्पा पापनाशमला भात मोजतात, सर. मोजणीत पहिलं माप लाभ, दुसरं माप दोन. लाभ म्हणजेच एक. एक असं कोणी म्हणत नाही. मी हाक द्यायला लागले आणि अप्पांचीच चाल तोंडात आली."

मग माझ्याकडे वळून मराठीत, आणखी हळू, "चुकलं, मॅडम."

आता सांगा, चुकलं कोणाचं? जी बाई उभ्या जन्मात कधी खळ्यावर गेली नाही, वाण्याच्या दुकानात पहिला शब्द ऐकून पिशवी धरायला पळाली आणि दुसरा शब्द ऐकायला थांबली नाही, त्या बाईने भात मोजणाऱ्यांच्या लेकींना मोजणी शिकवली होती. वर्गात अशा नऊ-दहा मुली तरी असतील. सगळ्यांना ठाऊक होतं की लाभानंतर दोन येतो. पण मॅडमना कोण सांगणार? मॅडमच्या नाकावर राग.

मी तिथेच, समितीपुढे, चोवीस मुलींपुढे, इंग्रजीत म्हटलं, "सर, ही चूक या मुलीची नाही, माझी आहे. मला मोजणी येत नव्हती आणि मी ती शिकवली." आणि मराठीत वाणीला म्हटलं, "माफ कर मला. आजच्यासाठी आणि आधीच्या सगळ्यासाठी." पंचवीस वर्षांत मी विद्यार्थिनीची माफी मागितलेली ती पहिली वेळ. लाज वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. मी शिव्या देत होते, तीन मोठी माणसं वह्या उघडून बसली होती, आणि माझ्या त्या मुखदुर्बळ मुलीने काही न पुसता, न रडता, पहिल्या ओळीवर बोट ठेवून चूक हुडकून काढली होती. चार मिनिटांत.

"परत चालवा," राममूर्ती म्हणाले.

वाणीनेच चालवला. उत्तर एक्क्याण्णव आलं. मग ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मी मन्नारगुडीकडचा. आमच्या खळ्यावर मीही भात मोजलाय. तुम्ही लाभ, एक, दोन म्हणालात तेव्हाच वाटलं, इथे कोणीतरी पाय घसरून पडणार. म्हणून मोठा आकडा त्या खणात ठेवला."

"आणि सांगितलं नाहीत?" मी विचारलं. रागाने विचारलं, समिती असली म्हणून काय झालं.

"चूक कोण करतं हे मला बघायचं नव्हतं, मॅडम. कोण शोधतं ते बघायचं होतं. बारा-बारा मशीनं असलेली कॉलेजं बघून आलोय. उत्तर चुकलं की मुलं मशीन बंद करून परत सुरू करतात."

तेवढं बोलून ते प्रिन्सिपलबाईंच्या खोलीत गेले, चहा न पिता दीड तास बसले आणि काही न सांगता निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून आम्ही शून्याला शून्य म्हणू लागलो. माझी हुशारी माझ्यापाशी राहिली. आणि व्हरांड्यात हाका द्यायला वाणी उभी राहू लागली. तिचा आवाज पार फाटकापर्यंत जायचा.

पत्र फेब्रुवारीच्या शेवटी आलं. तीन वर्षांची मान्यता. अट एकच, जूनच्या आत आणखी सहा मशीनं आणायची. प्रिन्सिपलबाईंनी विश्वस्तांना कसं पटवलं ते त्याच जाणोत. आम्ही पत्र वर्गात वाचून दाखवलं तेव्हा मुलींनी बाकं वाजवली आणि मी त्यांना गप्प केलं नाही.

त्याच आठवड्यात एक गृहस्थ कॉलेजच्या फाटकाशी आले. उन्हाने रापलेले, कमरेला धुतलेली वेष्टी, खांद्यावर पंचा, पायातल्या चपला बाहेर काढून हातात घेतलेल्या. मला बघून त्यांनी हात जोडले आणि मराठीत म्हणाले, "मी कल्याणराम. वाणीचा बाप." आमच्या गल्लीबाहेरची मराठी माझ्या कानांना नवी होती. आपली माणसं खळ्यावर भात मोजतात, हे आम्हा राजवाड्यामागच्या शहाण्यांना कुठे ठाऊक.

"सुगीमुळे यायला उशीर झाला," ते म्हणाले. "माझ्या तोंडच्या मोजणीमुळे तुमच्या कॉलेजाला बट्टा लागायची पाळी आली असं पोरीने सांगितलं. माफी मागायला आलो."

"आत येऊन बसा आधी," मी त्यांना खोलीत नेत म्हटलं. "आणि चपला घाला पायात. माफी कसली मागता? तुमची मोजणी बरोबर आहे. तिच्यात 'एक' हा आकडा चुकीचा घुसडला तो मी. मोजणी बदललीत तर माझ्याशी गाठ आहे."

ते हसले नाहीत. खुर्चीच्या टोकाशी बसले आणि विचारलं, "कोर्स राहिला का?"

मी पत्र पुढे केलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. मी वाणीला वर्गातून बोलावून घेतलं. तिने एकेक ओळ वाचून बापाला मराठीत सांगितली, जिथे शब्द सुचेना तिथे तमिळमध्ये. आपल्या कोर्सचं नाव तिने दोनदा वाचलं. कल्याणराम डोळे मिटून ऐकत होते. ती थांबल्यावर म्हणाले, "परत वाच." तिने परत वाचलं.

मग ते उठले आणि मला म्हणाले, "अम्मा, हिची धाकटी बहीण आहे. तिचाही फॉर्म द्या."

"द्यायला काय झालं. कितवीत आहे ती?"

"दहावीत."

"अहो, मग अजून दोन वर्षं आहेत की."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "पण घरात फॉर्म असला म्हणजे तिच्यासाठी स्थळ घेऊन येणाऱ्याला दाखवायला बरं."

फॉर्म दर वर्षी बदलतो, आज दिलेला दोन वर्षांनी चालणार नाही, हे मला माहीत होतं. मी कपाट उघडलं, एक कोरा फॉर्म काढला, पोरीचं नाव विचारून विषयाच्या रकान्यात माझ्या हाताने कॉम्प्युटर सायन्स लिहिलं, खाली सही केली, कॉलेजचा शिक्का मारला आणि तो त्यांच्या हातात दिला.